अपवाद विसरायचे की सांभाळायचे? ‘टिंबल’ आणि उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्रांचा इतिहास

या मालेत आतापर्यंत आपण नियम बनवणाऱ्या यंत्रांविषयी बोललो. भरपूर डेटा द्यायचा, त्यातून यंत्राने सार काढायचं, आणि सार हाती आलं की डेटा बाजूला ठेवून द्यायचा. आज आपण दुसऱ्या घराण्याकडे वळू. हे घराणं नियम करतच नाही. पाहिलेलं प्रत्येक उदाहरण ते जसंच्या तसं जपून ठेवतं, आणि नवं काही समोर आलं की विचारतं, ‘यासारखं आधी काय पाहिलं होतं?’

कल्पना आपल्याला परकी नाही. ‘कार’ हा शब्द मराठीत आला तेव्हा त्याचं लिंग ठरवायला कोणी समिती नेमली नव्हती. ‘गाडी’ शेजारी होतीच, म्हणून बहुधा ‘ती कार’ झाली. ‘टेबल’ मात्र ‘ते’ झालं. जवळचं उदाहरण शोधायचं आणि त्याच्यासारखं वागायचं, एवढंच. प्रश्न असा की हे यंत्राला जमतं का, आणि जमवताना किती उदाहरणं जपावी लागतात? आजचा इतिहास बराचसा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

सुरुवात 1951 सालची. एव्हलिन फिक्स आणि जोसेफ हॉजेस हे बर्कलीचे दोन संख्याशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या टेक्सासमधल्या रँडॉल्फ फील्ड इथे हवाई दलाचं वैद्यकीय विद्यालय होतं. त्याच्यासाठी त्यांनी एक तांत्रिक अहवाल लिहिला. प्रश्न जुनाच होता. दोन गटांची मोजमापं आपल्याकडे आहेत, आता एक नवी नोंद आली, ती कोणत्या गटातली? तोवरच्या प्रचलित पद्धती आधी गृहीत धरायच्या की मोजमापं अमुक आकाराच्या वक्रावर पसरलेली असतात. फिक्स आणि हॉजेस म्हणाले, असं काही गृहीत धरायला नको. नव्या नोंदीच्या सर्वांत जवळच्या काही नोंदी बघा. त्यांत ज्या गटाच्या जास्त, तो गट. हा अहवाल नियतकालिकात छापून यायला 1989 साल उजाडलं. पण त्यातली कल्पना त्याआधीच जगभर पोचली होती.

1967 मध्ये टॉमस कव्हर आणि पीटर हार्ट यांनी या पद्धतीला भक्कम गणिती आधार दिला. उदाहरणं अमर्याद असतील, तर फक्त एका शेजाऱ्याचं ऐकूनसुद्धा होणारी चूक, शक्य असलेल्या सर्वोत्तम पद्धतीच्या चुकीच्या दुपटीपलीकडे जात नाही. म्हणजे सर्वोत्तम निवाडा शंभरात 5 वेळा चुकत असेल, तर हा 10 वेळांच्या वर चुकणार नाही. इतक्या साध्या युक्तीकडून ही हमी मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

पण ‘अमर्याद उदाहरणं’ ठेवायची कुठे? त्या काळी संगणकाची स्मृती महाग. शिवाय प्रत्येक नव्या नोंदीसाठी सगळा साठा धुंडाळायचा, म्हणजे वेळही जाणार. मग कापणी सुरू झाली, आणि ती दोन बाजूंनी झाली. हार्ट यांनीच 1968 मध्ये सुचवलं की ज्यांच्यावाचून निवाडा बदलत नाही, अशी गर्दीतली उदाहरणं काढून टाका. 1972 मध्ये डेनिस विल्सन यांनी उलट बाजू धरली: ज्या उदाहरणाशी त्याचे शेजारीच सहमत नाहीत, ते बहुधा चुकीचं आहे, ते काढा. 1991 मध्ये डेव्हिड आहा, डेनिस किबलर आणि मार्क अल्बर्ट यांनी ‘उदाहरणाधारित शिक्षण’ या नावाखाली तीन पद्धती मांडल्या. पहिली सगळं जपते. दुसरी साधारण तेवढीच उदाहरणं ठेवते, जिथे आधीचा निवाडा चुकला होता. तिसरी प्रत्येक उदाहरणाचं जणू प्रगतिपुस्तक ठेवते, आणि जे वारंवार चुकीचा सल्ला देतं त्याला काढून टाकते.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. विल्सन यांच्या पद्धतीत आणि या तिसऱ्या पद्धतीत एक समजूत दडलेली आहे: जे एकटं पडलंय ते संशयास्पद आहे. मोजमापाच्या जगात हे बऱ्याचदा खरंही असतं. काटा बिघडला, नोंद करणाऱ्याने आकडा उलटा लिहिला, तर अशी नोंद गेलेलीच बरी. पण भाषेच्या जगात?

आता आपण नेदरलँड्सच्या दक्षिणेला, टिलबर्गला जाऊ. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांसाठी ओळखलं जाणारं हे शहर. तिथल्या विद्यापीठातला एक गट, आणि बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातले त्यांचे सहकारी, भाषा शिकणारी यंत्रं बनवत होते. वॉल्टर डालमन्स, आन्टल फान डेन बॉश, याकुब झाव्रेल आणि को फान डर स्लोट ही त्यांतली मुख्य नावं. 1998 मध्ये त्यांनी आपलं सॉफ्टवेअर खुलं केलं: टिलबर्ग मेमरी-बेस्ड लर्नर, म्हणजेच ‘टिंबल’.

टिंबल काय करतं ते डच भाषेच्याच एका उदाहरणावरून बघू. डचमध्ये कुठल्याही नामाला लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लागतो, आणि त्याची पाच रूपं आहेत. ‘राम’ म्हणजे खिडकी (हो, उच्चार तसाच!), तिचं ‘राम्प्ये’ होतं. ‘कोनिंग’ म्हणजे राजा, त्याचं ‘कोनिंक्ये’. पण ‘लेअरलिंग’, म्हणजे विद्यार्थी, त्याचं ‘लेअरलिंगेत्ये’. शेवट सारखाच ‘इंग’, तरी प्रत्यय वेगळा! टिंबलला प्रत्येक शब्द एका ओळीत द्यायचा: शेवटच्या अक्षरांतले ध्वनी, आघात कुठे आहे, आणि ओळीच्या शेवटी बरोबर उत्तर. नवा शब्द आला की ते सगळ्या ओळींशी तुलना करतं. मात्र सगळे रकाने सारख्या वजनाचे नसतात. कोणत्या रकान्यामुळे उत्तराविषयीची अनिश्चितता किती कमी होते, ते मोजून त्याला वजन दिलं जातं. इथे साहजिकच शब्दाच्या शेवटाला जास्त वजन मिळतं.

अजून एक कल्पना त्यांनी पूर्वसुरींकडून घेतली. 1986 मध्ये क्रेग स्टॅनफिल आणि डेव्हिड वॉल्ट्झ यांनी इंग्रजी शब्दांचे उच्चार ओळखताना विचारलं होतं: दोन अक्षरं एकमेकांपासून किती दूर आहेत हे कसं ठरवायचं? त्यांचं उत्तर होतं की ती किती सारखी वागतात ते बघा. ‘ब’ आणि ‘प’ हे जिथे जिथे सारखं उत्तर देतात, तिथे ते जवळचे. हे मापही टिंबलमध्ये आलं. आणि वेगासाठी उदाहरणं झाडासारखी रचून ठेवायची सोय केली: सर्वांत महत्त्वाचा रकाना बुंध्याशी, बाकीचे फांद्यांवर.

आता मुख्य मुद्दा. 1999 मध्ये डालमन्स, फान डेन बॉश आणि झाव्रेल यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भाषा शिकताना अपवाद विसरणं हानिकारक असतं, हे त्याच्या शीर्षकातच सांगितलेलं होतं. त्यांनी इंग्रजीची चार कामं घेतली: लिपीवरून उच्चार ओळखणं, शब्दाची जात ओळखणं, वाक्यातले नामांचे गट शोधणं, आणि शब्दयोगाचा संबंध लावणं. चौथं काम जरा समजावून घेऊ. पिझ्झा काट्याने खाल्ला आणि ऑलिव्ह घातलेला पिझ्झा खाल्ला, या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच ‘विथ’ येतो. तो खाण्याशी जोडायचा की पिझ्झ्याशी, हे यंत्राने ठरवायचं.

मग त्यांनी सर्वांत अपवादात्मक उदाहरणं आधी, अशा क्रमाने साठा थोडा थोडा कापत नेला आणि दर वेळी न पाहिलेल्या उदाहरणांवर परीक्षा घेतली. अपवाद काढल्याने अचूकता साधारणपणे घसरत गेली.

असं का व्हावं? कारण भाषेतले अपवाद एकेकटे असले तरी अनाथ नसतात. त्यांची छोटी छोटी कुटुंबं असतात. आज साठ्यात जो शब्द एकटा दिसतो, त्याचा भाऊ उद्याच्या वाक्यात येतो, आणि त्या भावाला ओळखणारा साठ्यात तोच एकटा असतो. त्याला ‘चूक’ म्हणून काढलं, तर येणाऱ्यालाही आपण चुकीच्या घरात पाठवणार. चूक आणि अपवाद बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळायला विषय माहीत असावा लागतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगू. 2005 मध्ये या सगळ्याचं पुस्तक केंब्रिजने छापलं. स्वीडनमधल्या योआकिम निव्हरे यांच्या वाक्यविश्लेषकाने सुरुवातीला टिंबलच वापरलं, पण 2006 च्या सुमारास तो दुसऱ्या पद्धतीकडे वळला. मग मज्जाजालांची लाट आली आणि टिंबल मागे पडलं. कल्पना मात्र संपली नाही. 2020 मध्ये ऊर्वशी खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी तयार मज्जाजालाला उदाहरणांच्या साठ्याची जोड दिली, जवळचे शेजारी शोधायला लावले, आणि नव्याने शिकवणी न देता त्याचे अंदाज सुधारले. फायदा विशेषतः विरळ गोष्टींत दिसला.

हे सगळं आपल्या कामाचं का आहे? मराठीचे डिजिटल संग्रह आज तयार होतायत, आणि संग्रह म्हटला की ‘साफसफाई’ आलीच. ‘काय करून राहिला?’ हे वाक्य नागपूरला रोजचं आहे. पुण्याच्या छापील मराठीने भरलेल्या साठ्यात ते एकटं पडेल, त्याचे शेजारी त्याच्याशी सहमत नसतील, आणि विल्सन यांच्या हिशोबाने ते जायला हवं. ते गेलं, तर ते यंत्र वऱ्हाडातल्या माणसाचं बोलणं नीट समजणार नाही, आणि चूक मात्र त्या माणसाची ठरेल. मालवणीचं तेच, अहिराणीचं तेच.

म्हणून साफसफाईची यादी हाती आली की आपण एवढं तरी विचारायला हवं: यांतल्या चुका कोणत्या आणि अपवाद कोणते, हे कोणी ठरवलं? ती भाषा बोलणारं कोणी तिथे होतं का?

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.