जुन्या मोटारीचे इंजिन : आधी ओळख, मग सुधारणा

फलटण - जुनी मोटार विकत घेणाऱ्याचे लक्ष प्रथम रंग, क्रोमच्या पट्ट्या आणि आसने यांकडे जाते. इंजिनाचा विचार गाडी दारात उभी राहिल्यानंतर सुरू होतो. वास्तविक गाडीचे मोल, तिची कागदपत्रे आणि तिचे पुढील आयुष्य या तिन्ही गोष्टी इंजिनावर अवलंबून असतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या वापरात मूळ इंजिन बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. त्यातच केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' मोटारींसाठी स्वतंत्र नियम लागू केले. या नियमांनुसार इंजिनात मूलभूत फेरफार केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदविता येत नाही. त्यामुळे इंजिन ओळखण्यापूर्वीच ते बदलण्याची घाई महागात पडू शकते.

इंजिनांचा परिसर

फलटणच्या आसपासच्या भागाला इंजिने नवी नाहीत. कमिन्सच्या कारखान्यांमुळे गेल्या काही वर्षांत फलटणचे नाव इंजिननिर्मितीशी जोडले गेले. साताऱ्यातील कूपर आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही नावे त्याहून कितीतरी जुनी आहेत. नीरा नदीच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते वसविणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट आणि पुढे तिचीच झालेली 'प्रीमियर पद्मिनी' ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची खरी मोटार ठरली. तालुक्याच्या गावी जुनी गाडी शोधणाऱ्याला आजही बहुधा फियाट, अॅम्बॅसिडर किंवा महिंद्राची जीप यांपैकीच एखादी सापडते.

क्रमांकापासून सुरुवात

इंजिनाची ओळख पटविताना दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या ओळखाव्यात. ब्लॉक ओतताना साच्यातूनच उमटलेली उठावदार अक्षरे इंजिनाचा प्रकार किंवा सुट्या भागाचा क्रमांक सांगतात. ती त्या प्रकारच्या अनेक ब्लॉकवर सारखीच असतात. याउलट सपाट केलेल्या जागेवर ठोकून उमटविलेले अंक हा त्या एका इंजिनाचा स्वतःचा क्रमांक असतो. नोंदणी पुस्तकात, म्हणजेच आरसी बुकात, हाच क्रमांक लिहिलेला असतो.

ही जागा तेल आणि धुळीच्या थराखाली झाकलेली असते. रॉकेल आणि मऊ ब्रशने ती स्वच्छ करावी; कानस किंवा सँडपेपर मुळीच वापरू नये. अंकावर घासल्याच्या खुणा दिसल्यास तो क्रमांक खोडल्याचा संशय घेतला जाऊ शकतो. स्वच्छ केलेल्या अंकांवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा आणि तो आरसी बुकातील नोंदीशी अंकागणिक ताडून पाहावा. चेसिस क्रमांकाबाबतही हेच करावे. क्रमांक जुळत नसेल, अंक पुन्हा ठोकलेले वाटत असतील किंवा मूळ पृष्ठभाग खरवडलेला असेल, तर व्यवहार तेथेच थांबविणे हिताचे ठरते. एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसविताना नोंद राहून गेली असेल, तर कागद दुरुस्त होऊ शकतो. इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर नव्या मालकामागे पोलिस चौकशी लागते.

कोणत्या गाडीत कोणते इंजिन

फियाट व पद्मिनी : भारतात १९५० च्या दशकात आलेल्या फियाट ११०० मालिकेतील गाड्यांना चार सिलिंडरचे १,०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, १९७२ च्या सुमारास 'प्रीमियर प्रेसिडेंट' हे नाव आले आणि १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव रूढ झाले. नावे बदलली तरी या इंजिनाचे मूळ माप कायम राहिले. परदेशी पुस्तकांवर विसंबणाऱ्यांची येथे फसगत होते. इटलीतील ११०० डी गाडीचे इंजिन १,२२१ सीसीचे होते, भारतीय डिलाइटचे मात्र १,०८९ सीसीचेच. त्यामुळे परदेशी ११०० डीचे पिस्टन मागविण्यापूर्वी माप घेणे आवश्यक असते. पुढे १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनई या गाडीत निस्सानचे १,१७१ सीसीचे इंजिन होते. पद्मिनीच्या बोनेटखाली हे इंजिन आढळल्यास ते नंतर बसविलेले आहे असे समजावे.

अॅम्बॅसिडर : सुरुवातीच्या गाड्यांत १,४७६ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. त्यानंतर १,४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आले व ते अनेक दशके टिकले. १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिनही बसविले जाऊ लागले.

जीप : विलिज जीपच्या जुन्या इंजिनात सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने हेड सपाट दिसते. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, वर रॉकर कव्हर दिसते आणि इंजिनाची उंची वाढते. सीजे-३बी जीपचे बोनेट उंच दिसते ते याच इंजिनामुळे. दोन्ही इंजिने सुमारे २.२ लिटरचीच आहेत. जीपमध्ये प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन असल्यास आरसीवर इंधन 'डिझेल' आहे ना, हे अवश्य पाहावे. डिझेल स्वस्त असण्याच्या काळात पेट्रोलच्या अनेक जीप व मोटारींना डिझेल इंजिने बसविण्यात आली. त्यांतील काहींची नोंद झाली, काहींची राहून गेली.

माप खोटे बोलत नाही

क्रमांक अस्पष्ट असल्यास मोजमाप कामी येते. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनच्या हालचालीची लांबी म्हणजे स्ट्रोक. फियाटच्या १,०८९ सीसी इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, तर स्ट्रोक ७५ मिलिमीटर असतो. झिजलेला सिलिंडर रिबोअर करून ०.८ मिलिमीटरने मोठा केला, तरी क्षमता सुमारे १,११५ सीसीपर्यंतच वाढते. रिबोअर केल्याने गाडी जोरकस होते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जाणवणारा फरक क्षमतेतील वाढीचा नसतो. झिजलेल्या सिलिंडरमधून निसटणारा दाब पुन्हा टिकू लागतो, एवढेच त्याचे कारण असते.

म्हणूनच इंजिन उघडण्यापूर्वी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आल्यास त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंग किंवा सिलिंडरचा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. एवढ्या एका चाचणीने अनेकदा संपूर्ण इंजिन उतरविण्याचा खर्च वाचतो.

सुधारणा कोणती करावी?

जुन्या इंजिनाची सर्वांत चांगली सुधारणा म्हणजे ते मूळ मापावर व्यवस्थित बांधणे. क्रँक ग्राइंड करून योग्य मापाची बेअरिंग घालणे, व्हॉल्व्ह बसवून घेणे, रेडिएटर आतून साफ करणे आणि कार्ब्युरेटर दुरुस्त करणे, एवढ्याने बहुतेक गाड्या समाधानकारक चालतात.

यापलीकडे, इंजिन मूळचे ठेवून करता येण्याजोग्या काही सुधारणा आहेत. पॉइंट व कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविल्यास गाडी सहज चालू होते. डायनामोऐवजी अल्टरनेटर लावल्यास रात्रीच्या प्रवासात बॅटरी उतरत नाही. काढलेले मूळ भाग मात्र जपून ठेवावेत.

इंधनाचा प्रश्न स्वतंत्र आहे. देशात २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशाच्या पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजू शकतात. त्यामुळे हेडचे काम निघालेच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. फलटण परिसरातील ऊस उत्पादकांना इथेनॉलचे महत्त्व सांगण्याची गरज नाही, परंतु जुन्या मोटारीला ते सोसत नाही. त्याने रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडतो, तसेच इथेनॉल ओलावा ओढून घेत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पडदा बसविणे आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

अधिक शक्तीचे दुसरे इंजिन बसविण्याचा मोह मात्र आवरावा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वेग वाढला की प्रथम ब्रेक अपुरे पडतात. गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन व रेडिएटर यांवरही ताण येतो. एक इंजिन बदलण्यापासून सुरू झालेला खर्च मग अर्ध्या गाडीपर्यंत पोहोचतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. इंजिन निकामी झाल्याने त्याच प्रकारचे दुसरे बसवायचे असेल, तरी परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. दुसऱ्या इंजिनाचे खरेदीपत्र व मूळ गाडीची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा. नोंद नसलेले इंजिन अपघातानंतरच्या दाव्यात अडचणीचे ठरू शकते.

पन्नाशीची मर्यादा

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात जतन केलेली खासगी दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध असते. नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी मात्र रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच तिला मुभा असते.

१९७४-७५ मधील पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत. म्हणून जुनी मोटार घेतल्यावर मालकाने प्रथम एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे. गाडी जतन करायची आहे, की नेहमी चालवायची आहे? जतन करायची असेल, तर १,०८९ सीसीचे झिजलेले मूळ इंजिन दुरुस्त करणे हेच शहाणपणाचे. चालवायची असेल, तर नेहमीची नोंदणी व तिचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण सांभाळून इग्निशन, अल्टरनेटर व इंधनव्यवस्था सुधारावी. दोन्ही बाबतींत काढलेले मूळ इंजिन भंगारात देऊ नये. एकदा वितळलेला ब्लॉक आणि त्यावरचा क्रमांक पुन्हा मिळत नाही.