हॉप्सचा कडूपणा

मंडळी, सत्तरी ओलांडली की विसराळूपणाची धास्ती बसते. त्यामुळे 'बिअरमधल्या द्रव्याने मेंदू तल्लख' असं कोणी पाठवलं, की आम्ही चष्मा पुसून वाचतो!

बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती बाईंनी लिहून ठेवलं, की हॉप्सच्या कडूपणामुळे पेय नासत नाही, पण माणसाची उदासी वाढते. उदासीचं राहू द्या, टिकाऊपणाचं मात्र खरं ठरलं. १५१६ च्या बव्हेरियातल्या कायद्याने तर बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायला मुभा ठेवली.

पुढे २०१४ साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात हॉप्समधलं झँथोह्यूमॉल उंदरांना आठ आठवडे खाऊ घातलं. तरुण उंदीर बदललेल्या परिस्थितीशी लवकर जुळवून घेऊ लागले. म्हाताऱ्या उंदरांना मात्र काहीच फरक पडला नाही. (आम्ही काय समजायचं ते समजलो.) शिवाय तेवढी मात्रा माणसाला बिअरमधून मिळवायची तर रोज २००० लिटर प्यावी लागेल, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. त्यातही बिअर बनवताना हॉप्स उकळले, की बरंचसं झँथोह्यूमॉल दुसऱ्याच द्रव्यात बदलून जातं.