रघुनाथरावांची अल्पजीवी पेशवाई

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला व पेशवाई रघुनाथरावांकडे आली. रामशास्त्री प्रभुण्यांनीं त्यांना दोषी ठरविलें. निजामावरील स्वारींत रघुनाथराव आजच्या लातूर जिल्ह्यालगतच्या बिदरापर्यंत गेले. परंतु कारभारी एकेक करून छावणींतून परतले. सखारामबापू व नाना फडणीस यांनीं नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाई यांस पुरंदरावर नेलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले आणि चाळिसाव्या दिवशीं पेशवे झाले.

विलायतेंतही १७८३ सालीं फॉक्स-नॉर्थ मंत्रिमंडळ हिंदुस्थानविषयक विधेयकापायीं नऊ महिन्यांच्या आंत पडलें. पण पदच्युतांस विरोधी पक्षाचीं बांकें मोकळीं होतीं. पुण्यास तशी सोय नव्हती. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहानें घरच्या कलहांत परकी फौज आली.