राख आणि खरखर

आम्ही ब्लॅक मेटलचे जाणकार नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. आमच्या संग्रहात या पंथाच्या जेमतेम दहा-बारा ध्वनिमुद्रिका असतील, आणि वर्षातून काही रात्रीच त्या बाहेर निघतात. मात्र निघतात तेव्हा एक प्रश्न हटकून सोबत येतो. ज्या कलाकृतीच्या जन्मकथेत खून आणि जाळपोळ आहे, तिचा आस्वाद घ्यायचा तो कसा? कर्ता आणि कृती यांच्या नात्याचा वाद साहित्याच्या वर्गात आपण नेहमीच घालतो. तेथे तो बहुधा तात्त्विक राहतो. येथे तो थेट कानाशी येऊन भिडतो.

हे नाव नॉर्वेचे नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या वेनम या त्रिकुटाने १९८२ साली 'ब्लॅक मेटल' नावाचा अल्बम काढला. त्यातील सैतान मुख्यतः रंगमंचावरचा होता. स्वीडनच्या बाथोरीने १९८४ पासून त्याच सामग्रीतून अधिक थंड आणि अधिक ओबडधोबड असे काही घडवले. नॉर्वेतील विशीच्या आसपासच्या मुलांनी हे नाटक खरे मानले. या संगीताचे वैभव आणि त्याची शोकांतिका, दोन्हींचे मूळ या 'खरे मानण्या'त आहे असे आम्हांस वाटते.

वैभवाचे उदाहरण म्हणून डार्कथ्रोन घ्यावे. या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' (१९९१) स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत मुद्रित झालेला, नीटस डेथ मेटलचा होता. पुढच्याच वर्षी 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' आला आणि सफाई गेली. 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' (१९९४) तर घरच्या चार-ट्रॅकी यंत्रावर मुद्रित झाला, आणि त्यातील सर्व वाद्ये फेनरिझ या एकाच वादकाने वाजवली. गिटारचे तेच ते वेगवान कंपन, एकाच चालीने धावणारे ढोल, पातळ आणि खरखरीत नाद. प्रथम ऐकताना यंत्र बिघडले आहे असे वाटते. दहा मिनिटांनी ध्यानात येते की ही हलाखी नसून निवड आहे. सुबक मुद्रण करता येत असूनही ते नाकारले आहे, आणि त्या खरखरीतूनच बर्फाळ अंतराचा भास निर्माण झाला आहे. ज्यांना शैली म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावून द्यायचे आहे, त्यांनी हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकवून पाहावेत.

या मुलांना साहित्य-परंपरेचेही भान होते. बुर्झुमच्या 'व्हिस लीसेट तार ओस' (१९९४) आणि 'फिलोसोफेम' (१९९६) यांच्या मुखपृष्ठांवर थेओडोर किटेलसेन (१८५७–१९१४) याची चित्रे आहेत. नॉर्वेच्या लोककथांतील ट्रोल आज ज्या रूपात डोळ्यांपुढे येतात, ते पुष्कळसे याच चित्रकाराने दिलेले. उल्व्हरच्या 'बेर्गटाट' (१९९५) मध्ये तर डोंगरातल्या अमानवी शक्तींनी भुलवून नेलेल्या मुलीची कथा पाच प्रकरणांत, जुन्या वळणाच्या भाषेत सांगितली आहे. किंकाळीच्या शेजारी बासरी आणि संथ समूहस्वर येतात, आणि भयानकाला कारुण्याची किनार लाभते.

आता दुसरी बाजू. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फान्तोफ्टचे लाकडी चर्च जळाले. ते सुमारे ११५० साली सोग्न प्रांतातील फोर्तुन येथे बांधले गेले होते, आणि १८८३ मध्ये फान्तोफ्टला हलवले गेले होते. पुढे आणखी चर्च जळाली. बुर्झुमच्या वार्ग व्हिकर्नेसने त्या भग्नावशेषाचे छायाचित्र १९९३ साली 'आस्के', म्हणजे 'राख', या ध्वनिमुद्रिकेवर छापले. फान्तोफ्टच्या आरोपातून ज्युरीने त्याला सोडले. इतर चर्चच्या जाळपोळीत तो दोषी ठरला. ख्रिस्तपूर्व नॉर्वेचा कैवार हे त्याने दिलेले समर्थन. पण या लाकडी चर्चांच्या छपरांवर ड्रॅगनची मुंडकी असतात, आणि त्यांच्या कोरीवकामात व्हायकिंग काळाची वळणे जिवंत असतात. जुन्या नॉर्वेच्या नावाने जे जाळले गेले, तो जुन्या नॉर्वेचाच उरलासुरला ठेवा होता. फान्तोफ्टची वास्तू १९९७ पर्यंत पुन्हा उभी राहिली. आठशे वर्षांचे लाकूड मात्र परत आले नाही.

१० ऑगस्ट १९९३ रोजी व्हिकर्नेसने मेहेमचा गिटारवादक ओय्स्टेन ओर्सेथ, अर्थात युरॉनिमस, याचा ऑस्लोत खून केला. १९९४ साली त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. २००९ मध्ये तो सुटला. त्याच १९९४ मध्ये मेहेमचा 'दे मिस्तेरीस दोम साथानास' प्रकाशित झाला. त्यात गिटार ओर्सेथची आहे आणि बास व्हिकर्नेसचा. ते वादन काढून टाकावे अशी मृताच्या आईवडिलांची इच्छा होती, तरी ते राहिले. मारलेला आणि मारणारा एकाच लयीत वाजत आहेत. या अल्बमचा प्रभाव आम्ही नाकारू शकत नाही. पण ही गोष्ट कळल्यावर तो पूर्वीसारखा ऐकताही येत नाही.

अनेक पुस्तके व चित्रपट या गुन्ह्यांभोवती फिरतात आणि संगीत पार्श्वभूमीला ढकलतात. उलट काही निष्ठावंत गुन्हे बाजूला सारून केवळ संगीत ऐका म्हणतात. आम्हांस दोन्ही वाटा सोयीच्या वाटतात. 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'मधील निम्म्या गाण्यांचे शब्द व्हिकर्नेसचे आहेत, आणि मूळ आवृत्तीच्या मलपृष्ठावर 'आर्य' ब्लॅक मेटलची घोषणा होती, जी पुढे काढण्यात आली. मलपृष्ठावरून शब्द गेले, इतिहासातून जात नाहीत. म्हणून आम्ही त्या ध्वनिमुद्रिका फेकून देत नाही, आणि त्यांचे निर्दोष कौतुकही करत नाही. ऐकताना त्या खरखरीत राखेचाही आवाज आहे, एवढे लक्षात ठेवतो. हौशी श्रोत्याकडून याहून अधिक मागता येणार नाही. पण याहून कमीही मागू नये.