अर्ध्या इंजिनाची कुळकथा

छोट्या खासगी विमानातून समुद्रकिनारा बघत जायचं, हा शौक आपण सरळ धनिकांच्या खात्यावर टाकतो. त्याचं मूळ मात्र युद्धाच्या भंगारात आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये विमानं आणि इंजिनं एवढी उरली, की ती खपवण्यासाठी एअरक्राफ्ट डिस्पोजल ही कंपनीच निघाली. तिच्या गोदामात रेनोची आठ सिलिंडरांची इंजिनं पडून होती, चारचार सिलिंडरांच्या दोन रांगांची. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यातली एकच रांग ठेवली आणि तिच्याभोवती ६० अश्वशक्तीचं नवं इंजिन उभं केलं. त्याचं नाव सिरस. जेफ्री डी हॅविलंडने या स्वस्त इंजिनासाठी दोन आसनांचं हलकं विमान आखलं आणि २२ फेब्रुवारी १९२५ रोजी ते स्वतःच उडवलं. त्याला फुलपाखरं-पतंग गोळा करायचा नाद होता, म्हणून विमानाचं नाव पडलं मॉथ.

मॉथचे पंख मागे दुमडता येत. ३० फुटी पसारा दहा फुटांच्या आत यायचा आणि विमान शेडमध्ये ढकलता यायचं. विमान खासगी झालं ते खरं इथे. ते ठेवायला हँगर लागेना, मोटार ठेवण्याएवढी जागा पुरू लागली. त्यातच ब्रिटिश सरकारने फ्लाइंग क्लबांना अनुदान दिलं. ही लाट मुंबईला पोचली १९२८ मध्ये, जुहूच्या धावपट्टीवर. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, जे. आर. डी. टाटांच्या हाती भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना आला.

पण मॉथमध्ये बसून किनारा बघणं हे दिव्यच होतं. बसायची जागा उघडी, तोंडावर वारा आणि तेलाचे शिंतोडे. खाली बघावं तर खालचा पंख आडवा. ही अडचण सुटली १९२९ च्या पुस मॉथमध्ये. बंद केबिन आणि पंख डोक्यावर. शिवाय गंमत म्हणजे इंजिन उलटं टांगलेलं! सिलिंडर खाली गेल्यामुळे नाकाचा वरचा भाग उतरता झाला आणि वैमानिकाला पुढचं स्वच्छ दिसू लागलं. खिडकीला नाक लावून देश बघत जायचं विमान म्हणतात ते हेच. सुरुवातीला हवेतच पंख मोडून त्याचे काही अपघात झाले, माणसं गेली. मग पंखांच्या आधारदांड्यांत दुरुस्ती करावी लागली. सहलीच्या जाहिरातीत ही बाजू अर्थातच नसे.

आता किनाराच का? हौसेपेक्षा गरज मोठी होती, असं माझं मत. रेडिओ नाही, होकायंत्र आणि मांडीवरचा नकाशा एवढ्यावर भिस्त. अशा वेळी जुहूहून दक्षिणेला निघालेल्याला कोकणपट्टीसारखी वाट दुसरी कुठली मिळणार? उजवीकडे समुद्र, डावीकडे सह्याद्री, आणि मैलाच्या दगडांच्या जागी खाड्या. धरमतर गेली, राजपुरीच्या तोंडाशी जंजिरा दिसला, मग बाणकोट, दाभोळ, जयगड. हर्णैचा सुवर्णदुर्ग चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. आणि इंजिन बंद पडलंच, तर डोंगर, माड-पोफळी आणि कुणग्याएवढी भातखाचरं यांच्यात उतरणार कुठे? ओहोटीची ओली, घट्ट पुळण हीच राखीव धावपट्टी. भरतीला तीही पाण्याखाली. निघायचं ते पहाटे, जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वाहत असते तेव्हा. दुपारी खारे वारे सुटले, की किनाऱ्याला समांतर उडणाऱ्या हलक्या विमानाला ते बाजूने रेटत राहतात.

पावसाळ्यात मात्र जुहूवर सगळंच बंद. जुहूचं मैदान म्हणजे चिखलाचा सपाट पट्टा. जून लागला की त्याचं तळं व्हायचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच मैदानावर उतरले, तेही पुस मॉथमधूनच. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पावसाळ्यात टाटांची ही टपालसेवा पुण्याला हलायची.

या सेवेतला टाटांचा जोडीदार वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट. १९२९ मध्ये तो एका मित्रासह युद्धातली जुनी विमानं घेऊन भारतात आला होता आणि गावोगाव लोकांना पैसे घेऊन हवेत फिरवत होता. २९ ऑक्टोबर १९३५ रोजी तोच मुंबईहून किनारा धरून गोवा, कण्णूर करत त्रिवेंद्रमला उतरला. त्रावणकोरच्या राजघराण्यातले, स्वतः विमान चालवणारे गोदा वर्मा राजा यांनी टाटांची विमानसेवा तिथे यावी म्हणून धडपड केली होती. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचं. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून सरळ जाताना मध्ये एक परदेश लागायचा.

विमानं जड झाली तशी पुळण निरुपयोगी ठरली आणि किनाऱ्याने दुसरी जागा पुढे केली: सडा. जांभ्याचं उघडं, सपाट पठार. शेती जेमतेम, पाणी पटकन वाहून जातं. पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीचं विमानतळ बांधलं ते अशाच पठारावर. रत्नागिरीची धावपट्टी, २०२१ मध्ये सुरू झालेली चिपी आणि त्यानंतरचं मोपा यांचीही तीच जात. कातळशिल्पं आणि पावसातली सड्यावरची फुलं यांच्यासाठी भांडणाऱ्यांना हा सपाटपणा वेगळ्या कारणाने प्रिय आहे, आणि त्यांचंही चूक नाही.

जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. त्यांतली बरीच मुंबई हायच्या तेलविहिरींकडे कामगारांची ने-आण करतात. शेजारच्या सांताक्रूझच्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ वैमानिकाला हवेत जागाच उरली नाही, म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकवणी गेली धुळ्याला.