बदली वैमानिकाचे तास

जो प्रवास एका माणसाच्या दमांत पुरा होत नाहीं, तो पाळीपाळीनें करावा लागतो, हा अनुभव फार जुना आहे. पूर्वीं टपालाचे हरकारे थैली एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत नेत आणि तेथें ती पुढच्या हरकाऱ्याच्या स्वाधीन करीत. थैलीचा प्रवास शेंकडों मैलांचा असला, तरी प्रत्येकाच्या नांवावर त्यानें स्वतः तुडविलेलीच वाट पडे. विमानाचें युग आलें, तेव्हां आरंभीं हाच न्याय सहज पुढें चालला.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं पस मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानांतून कराचीहून टपाल उचललें आणि अहमदाबादेस थांबून तें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बळ्ळारीमार्गें मद्रासला पोंचविलें. कोणाचे तास किती, याविषयीं वाद संभवतच नव्हता. कारण पाळी जमिनीवर बदलली होती. ता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तेव्हांही कैरो व जिनीव्हा येथें त्याला उतरावें लागलें.

पुढें इंजिनांचें बळ वाढलें आणि मधले मुक्काम गळूं लागले. सन २००७ च्या ऑगस्टमध्यें एअर इंडियाचें बोइंग ७७७ विमान मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेंही न थांबतां सुमारें सोळा तासांत जाऊं लागलें. माणसाचा थकवा मात्र होता तसाच राहिला. म्हणून अशा लांबच्या उड्डाणांत दोघांऐवजीं तीन किंवा चार वैमानिक असतात व ते आळीपाळीनें विसांवा घेतात. पाळी आतां आकाशांतच बदलते, आणि तेथेंच हिशेबाचा प्रश्न उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणें उड्डाणकाल म्हणजे विमान उड्डाणासाठीं प्रथम हलल्यापासून अखेरीस स्थिर होईपर्यंतचा सर्व वेळ. मग सोळांपैकीं आठ तास निजलेल्या बदली वैमानिकानें आपल्या नोंदवहींत किती तास लिहावे? युरोपांतील नियमाचें उत्तर स्पष्ट आहे: तो चालकाच्या आसनावर बसला असेल, तेवढेच. अमेरिकेंतही सहवैमानिकाला विसांव्याचा वेळ उड्डाणाचा म्हणून मांडतां येत नाहीं. कॅप्टनची गोष्ट निराळी. तो निजला असला, तरी विमानाची जबाबदारी त्याच्याकडून सुटत नाहीं. म्हणून अमेरिकेच्या नियमांत त्याला मुख्याधिकाराचा सर्व वेळ मांडतां येतो.

याच्या जोडीला दुसरा हिशेब आहे, तो श्रमाचा. विमानांत घेतलेला विसांवा कामाच्या वेळांतून वजा होत नाहीं. हजेरी दिल्यापासून उड्डाण संपेपर्यंतचा सर्व काळ कामाचाच धरला जातो. अनुभव तेवढा आसनावरचा मोजावा आणि श्रम मात्र पुरे मोजावे, यांत विसंगति नाहीं. दोन्ही नियमांचा हेतु प्रवाशांचें रक्षण हाच आहे.

या काटेकोरपणाचें मोल एका अपघातावरून कळतें. ता. १ जून २००९ रोजीं रिओ द जानेरोहून पॅरिसला चाललेलें एअर फ्रान्सचें विमान अटलांटिक महासागरांत कोसळलें व २२८ माणसें प्राणांस मुकलीं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ सांचून आंकडे चुकूं लागले, त्या वेळीं कॅप्टन विसांव्यास गेला होता व दोन सहवैमानिक आसनांवर होते. त्यांच्या नांवावर हजारों तास जमा होते. परंतु एवढ्या उंचीवर, वेगाचे आंकडे बिघडले असतां, विमान हातानें सांवरण्याचें शिक्षण त्यांना मिळालेलें नव्हतें, असें तपासांत दिसून आलें. जागेपणीं आसनावर घालविलेल्या तासांतही जर एवढी उणीव राहूं शकते, तर निजून काढलेला तास अनुभव म्हणून मांडणें किती धोक्याचें, हें निराळें सांगावयास नको.

वैमानिकाची नोंदवही प्रवासी कधीं पाहत नाहींत. तरी पुढचा परवाना कोणास द्यावा आणि कॅप्टनचें आसन कोणाकडे सोंपवावें, याचा विचार करतांना त्याच वहींतील आंकडे पाहिले जातात. म्हणून ज्या तासांत डोळे उघडे होते आणि हात कामावर होते, तेवढेच तास तींत उतरावे, हेंच योग्य होय.