१६४६ मीटर: कळसूबाईच्या उंचीची कुळकथा

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून कळसूबाईची वाट मळली ती नवसांनी. कळसू ही कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या बोलीवर ती पायथ्याच्या गावात चाकरीला राहिली. घरच्यांनी बोली मोडली, तशी ती डोंगरावर गेली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. नवरात्रात आजही माथ्यावर यात्रा भरते.

या देवीच्या घराला आकडा चिकटला तो इंग्रजी अमदानीत.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने जमिनीवर एक सरळ रेषा मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणांचे जाळे देशभर पसरू लागले. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. गणित साधे होते. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. दूरच्या शिखराकडे थिओडोलाइटची दुर्बीण रोखायची, ती किती वर उचलावी लागली तो कोन वाचायचा, पृथ्वीची गोलाई आणि हवेत वाकणारा प्रकाश यांची वजावट करायची, झाली उंची. त्यासाठी शिखरावर पाऊल ठेवायलाच हवे असे नाही. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरात कळसूबाई ५४२७ फूट आहे. आजचे १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट.

पश्चिम कॅनडात मात्र मोजणीदारालाच गिर्यारोहक व्हावे लागले. १८८० च्या दशकात एदुआर देव्हिलने रॉकी पर्वतात छायाचित्रांवरून नकाशे काढायची पद्धत रुजवली, तेव्हा जड कॅमेरे आणि काचेच्या तबकड्या पाठीवर घेऊन माणसे शिखरे चढू लागली. त्यांच्यातल्याच आर्थर व्हीलरने एलिझाबेथ पार्करसोबत १९०६ मध्ये कॅनडाचा अल्पाइन क्लब काढला. तिकडे आधी मोजणी, मग हौस. कळसूबाईवर आधी भक्ती, मग मोजणी, आणि हौशी ट्रेकर सगळ्यांत शेवटी.

आता लोखंडी शिड्या चढून आलेला ट्रेकर माथ्यावर मोबाइल काढतो आणि उंची कमी दिसली की हिरमुसतो. शिखर खचलेले नसते. नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. उपग्रह मात्र पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतो आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या आकाराच्या पन्नास मीटरांहून अधिक खाली आहे. ही दुरुस्ती ज्या अ‍ॅपमध्ये नसते, ते कळसूबाईला सोळाशेच्या खाली आणून ठेवते.